क्लिंगहॉफरचा मृत्यू: जहाजावरचं अपहरण, त्यावरचा ऑपेरा आणि ऑपेराचा चित्रपट

व्हीलचेअरवर बसलेल्या एका म्हाताऱ्या प्रवाशाला दहशतवाद्यांनी गोळ्या घातल्या आणि समुद्रात टाकून दिलं. या घटनेवर ऑपेरा आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, यात गाण्यासारखं काय आहे? पाठोपाठ दुसरा येतो, मारणाऱ्यांच्या तोंडीही गाणी घातली आहेत म्हणे, ते कशासाठी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अमेरिकी संगीतकार जॉन अ‍ॅडम्स यांचा 'द डेथ ऑफ क्लिंगहॉफर' १९९१ मध्ये रंगमंचावर आला, तेव्हापासून ते विचारले जात आहेत. २००३ मध्ये पेनी वूलकॉक यांनी त्याचा चित्रपट केला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रयोग लागला तेव्हा निदर्शक ऑपेरागृहाबाहेर उभे राहिले.

या वादाविषयी ऐकून मत बनवलेले पुष्कळ भेटतात, कलाकृती पाहिलेले थोडे. म्हणून आधी घटना काय होती ते पाहू, मग ऑपेरा तिच्याकडे कसा बघतो ते. कॅमेरा आल्यावर काय बदललं, हा भाग मराठीत फारसा कुणी उलगडलेला नाही, त्यामुळे तिथं जरा जास्त थांबू.

## जहाजावर काय घडलं

७ ऑक्टोबर १९८५. 'अकिले लाउरो' हे इटलीचं प्रवासी जहाज भूमध्य समुद्रात, इजिप्तच्या किनाऱ्याजवळ होतं. बहुतेक प्रवासी अलेक्झांड्रियाला उतरून पिरॅमिड बघायला गेले होते आणि पुढे पोर्ट सैदला जहाजावर परत येणार होते. मागे उरलेले प्रवासी आणि कर्मचारी मिळून चारशेच्या आसपास माणसं. त्या दिवशी पॅलेस्टाइन लिबरेशन फ्रंट या संघटनेच्या, अबू अब्बास नेता असलेल्या गटाच्या चार तरुणांनी जहाज ताब्यात घेतलं. मुळात त्यांना इस्रायलच्या अश्दोद बंदरात उतरून हल्ला करायचा होता. पण त्यांची शस्त्रं जहाजावरच्या कर्मचाऱ्याच्या नजरेला पडली आणि त्यांनी तिथल्या तिथं जहाजाचंच अपहरण केलं. इस्रायलच्या तुरुंगातले ५० पॅलेस्टिनी कैदी सोडा, ही त्यांची मागणी होती.

जहाज सीरियाच्या तार्तूस बंदराकडे नेलं, पण सीरियाने बंदरात येऊ दिलं नाही. ८ तारखेला त्यांनी लिऑन क्लिंगहॉफर यांना ठार केलं. वय ६९, न्यूयॉर्कचे ज्यू गृहस्थ, पक्षाघाताच्या झटक्यांमुळे व्हीलचेअरवर. पत्नी मॅरिलिन यांच्यासोबत लग्नाच्या वाढदिवसानिमित्त सहलीला आलेले. त्यांचं प्रेत व्हीलचेअरसकट समुद्रात टाकायला जहाजावरच्या दोन कामगारांना बंदुकीच्या धाकाने भाग पाडलं. पती आजारी असल्याने जहाजाच्या दवाखान्यात आहेत, असं मॅरिलिनबाईंना सांगण्यात आलं. ९ तारखेला, सुरक्षित बाहेर जाऊ देण्याच्या बोलीवर अपहरणकर्ते जहाजावरून उतरले. खून झालाय हे जगाला त्यानंतर कळलं.

पुढचं राजकारण मोठं आहे. या चौघांना घेऊन निघालेलं इजिप्तचं विमान अमेरिकी लढाऊ विमानांनी सिसिलीतल्या सिगोनेला तळावर उतरवलं, तिथं अमेरिकी आणि इटालियन सैनिक समोरासमोर उभे ठाकले, आणि विमानातच असलेल्या अबू अब्बासला इटलीने जाऊ दिलं. ऑपेरात यातलं काहीच नाही. त्यातली गोष्ट जहाजावर सुरू होते आणि जहाजाचा कॅप्टन मॅरिलिनला पतीच्या मृत्यूचं खरं सांगतो तिथं संपते. मॅरिलिन क्लिंगहॉफर फेब्रुवारी १९८६ मध्ये कर्करोगाने गेल्या.

## ऑपेरा म्हणजे काय, आणि यातला वेगळेपणा कोणता

मराठी वाचकाला संगीत नाटक ठाऊक असतं, त्यामुळे तिथून सुरुवात करणं सोपं. संगीत नाटकात पात्रं गद्यात बोलतात आणि भावना भरून आली की पद म्हणतात. ऑपेरात गद्य जवळपास नसतंच. भांडण, निरोप, चौकशी, सगळं गाऊनच होतं आणि वाद्यवृंद पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत असतो. नाटकातल्या पदाच्या जागी इथं 'आरिया' येते, म्हणजे एका पात्राचं स्वतंत्र गाणं. समूहाने गायलेला भाग म्हणजे 'कोरस', आणि गायची लिखित संहिता म्हणजे 'लिब्रेटो'. एवढे तीन शब्द पुढे पुरतील.

या ऑपेराचा लिब्रेटो अ‍ॅलिस गुडमन यांचा, मूळ दिग्दर्शन पीटर सेलर्स यांचं, नृत्यरचना मार्क मॉरिस यांची. पहिला प्रयोग १९ मार्च १९९१ रोजी ब्रसेल्सच्या ला मोने ऑपेरागृहात झाला, वाद्यवृंदाचं संचालन केंट नागानो यांचं. अ‍ॅडम्स, गुडमन आणि सेलर्स या तिघांनी आधी 'निक्सन इन चायना' केला होता. तोही ताज्या राजकीय घटनेवरच.

एरवी ऑपेरा गायक ध्वनिवर्धकाशिवाय गातात. इथं अ‍ॅडम्स यांनी वाद्यवृंदात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतले आणि गायकांचा आवाजही ध्वनिवर्धकावरून दिला. याचा परिणाम असा की गायकाला प्रत्येक ओळ ताकद लावून फेकावी लागत नाही. कुजबुजल्यासारखं गायलेलंही ऐकू जातं. पुढे चित्रपट करताना ही गोष्ट फार उपयोगी पडणार होती.

## नाटकासारखा चालत नाही, कारण तो नाटक नाही

अपहरणाची गोष्ट म्हटल्यावर आपण थराराची अपेक्षा करतो: शस्त्रं बाहेर निघतात, मुदत दिली जाते, घड्याळ चालू लागतं. ऑपेरा सुरू होतो आणि यातलं काही घडत नाही. आधी निर्वासित पॅलेस्टिनींचा कोरस येतो. १९४८ मध्ये पाडलेल्या वडिलांच्या घराची आठवण, हळू, लांबवलेल्या स्वरांत, आणि शेवटी तीच आठवण सूडाच्या आरोळीवर जाऊन पोचते. मग निर्वासित ज्यूंचा कोरस येतो. टॅक्सीचे पैसे चुकते केल्यावर हाती काही उरलेलं नाही, सामानही नाही, अशा साध्या तपशिलाने त्याची सुरुवात होते.

ही रचना अ‍ॅडम्स यांनी अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या 'पॅशन'वरून घेतली आहे. पॅशन म्हणजे ख्रिस्ताच्या छळाची आणि मृत्यूची गायलेली कथा, जर्मन चर्चमध्ये गुड फ्रायडेला सादर व्हायची. तिच्यात तीन थर असतात: घडलेलं सांगणारा, घटनेत सापडलेली माणसं, आणि मध्येच कथा थांबवून तिच्यावर चिंतन करणारा समूह. क्लिंगहॉफरमध्येही तेच आहे. कॅप्टन आणि प्रवासी बरेचदा आठवून सांगतात. स्विस आजी नातवाला कशी सांभाळत होती ते सांगते, एक ऑस्ट्रियन बाई सगळा वेळ स्वतःच्या केबिनमध्ये लपून कशी राहिली ते सांगते. आणि मधूनमधून समुद्राचा, रात्रीचा, वाळवंटाचा, दिवसाचा असे कोरस येतात. दुसऱ्या अंकाच्या तोंडाशी हागारचा कोरस आहे. हागार ही इब्राहिमची दासी, इस्माईलची आई, तहानलेलं मूल घेऊन वाळवंटात हाकललेली. ज्यू आणि अरब दोघेही जिला आपल्या कथेत ओळखतात ती ही बाई, म्हणून ती मध्यावर आहे.

ही बांधणी ध्यानात आली नाही तर ऑपेरा संथ आणि विस्कळीत वाटतो. पहिल्या वेळी पाहणारे बरेच जण इथंच अडकतात.

क्लिंगहॉफर स्वतः पहिल्या अंकात गातच नाहीत. त्यांचा आवाज पहिल्यांदा येतो तो दुसऱ्या अंकात, आणि तो गरीब बिचाऱ्या बळीचा आवाज नसतो. ते चिडलेले असतात. समोरच्या बंदूकधाऱ्याला तोंडावर सुनावतात: मी कधी हिंसक माणूस नव्हतो, पण तुम्हाला तुमच्या आजोबांच्या झोपडीशी आणि शेळ्यामेंढ्यांशी काही देणंघेणं नाही, तुम्हाला माणसं मरताना बघायची आहेत. संपूर्ण ऑपेरातलं सर्वांत सरळ, रोजच्या बोलीतलं हे गाणं आहे. एकटा, शरीराने अर्धा लुळा माणूस एवढा निर्भय होतो, आणि त्याची किंमत त्याला काय द्यावी लागणार आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं.

## जहाजावर गाणं टिपायचं कसं

ऑपेरा पडद्यावर आणायचे तीन मार्ग आहेत. पहिला, प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहातूनच चित्रीकरण. दुसरा, हिंदी चित्रपटगीतांसारखा: गाणं आधी स्टुडिओत मुद्रित करायचं आणि चित्रीकरणाला ओठ हलवायचे. तिसरा, चित्रीकरणाच्या जागीच प्रत्यक्ष गायचं. वूलकॉक यांनी ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीसाठी चित्रपट केला तेव्हा तिसरा निवडला, आणि तोही खऱ्या जहाजावर.

काम असं चालतं. वाद्यवृंद आधी मुद्रित होतो. इथं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवतोय आणि स्वतः अ‍ॅडम्स संचालन करतात. चित्रीकरणाच्या वेळी ते मुद्रण गायकाच्या कानात दडवलेल्या छोट्या श्रवणयंत्रातून वाजतं. आवाज टिपणारा मायक्रोफोन कपड्यांत लपवलेला असतो. डेकवर उभ्या असलेल्या इतरांना फक्त गायकाचा आवाज ऐकू येतो, सोबत वाद्यं नाहीत. संकलनात दोन्ही एकत्र केले जातात.

यातली मुख्य अडचण लयीची आहे. रंगमंचावर संचालक गायकाचा श्वास बघून वाद्यवृंद क्षणभर रोखतो. इथं वाद्यवृंद महिन्यांपूर्वीच वाजून झालेला, तो कुणासाठी थांबत नाही. गायक रडवेला होऊन एखादा शब्द लांबवायला गेला तर पुढची ओळ हातची जाते. म्हणून वाद्यवृंद मुद्रित करतानाच प्रसंगाची लय पक्की ठरवावी लागते. दुसरी अडचण सुराची. एका कानात यंत्र बसवलं की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, आणि उघड्या डेकवर भिंती नसल्याने आवाज परतून येत नाही. गायकाला आधार वाटत नाही, तो जोर लावतो, आणि जोर लावला की सूर चढतो. वारा मायक्रोफोनवर आपटतो, इंजिनाची घरघर सतत चालू असते, आणि श्रवणयंत्राचा आवाज वाढवला तर त्यातलं संगीत झिरपून मायक्रोफोनमध्ये शिरतं आणि तेवढं मुद्रण वाया जातं.

फायदाही याच ताठरपणात आहे. लय कायम एकच असल्याने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले तुकडे एकमेकांवर अचूक बसतात. आणि ओठ हलवण्याच्या पद्धतीत जे कधीच येत नाही ते इथं मिळतं: मानेची शीर ताणलेली दिसते, श्वास घेताना छाती हलते, गाण्याचा आणि शरीराचा ताण एकच असतो. बंदूक रोखलेला माणूस गातोय ही कल्पना मुळात अवघड. तो खरोखर दम लागेपर्यंत गातोय हे दिसल्यावर ती पटायला लागते.

क्लिंगहॉफरची भूमिका मूळ प्रयोगातल्याच सॅनफर्ड सिल्व्हन यांनी केली आहे. कॅप्टन ख्रिस्तोफर मॉल्टमन, मॅरिलिन इव्हॉन हॉवर्ड, अपहरणकर्त्यांचा म्होरक्या मोलकी टॉम रँडल. चौथा आणि वयाने सर्वांत लहान अपहरणकर्ता ओमर रंगमंचावर स्त्री-गायिका करते. ऑपेरात कोवळ्या मुलांच्या भूमिका बायकांनी करण्याची जुनी रीत आहे. जवळून बघणाऱ्या कॅमेऱ्यापुढे ते निभावणार नाही, म्हणून चित्रपटात ओमर झालाय एमिल मारवा हा तरुण नट आणि गाण्याचा आवाज सुझन बिकली यांचा आहे.

## कॅमेऱ्याने काय बदललं

सेलर्स यांच्या मूळ प्रयोगात जहाज दिसत नव्हतं. लोखंडी सांगाड्यांचं नेपथ्य, साधे कपडे, तेच गायक वेगवेगळ्या भूमिकांत, तोच कोरस आधी पॅलेस्टिनी आणि मग ज्यू. कोण कुठल्या बाजूचा हे चटकन कळू नये अशीच मांडणी होती. काही समीक्षकांना ती गोंधळाची वाटली. पण तिच्यामुळे एक अंतर राहत होतं. खून प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर होत नव्हता.

वूलकॉक यांनी नेमकं उलट केलं. खरं जहाज, हातात धरलेला हलता कॅमेरा, बातमीपटासारखी दृश्यं, घाबरून जेवणाच्या टेबलाखाली शिरणारी माणसं. खून दिसतो. कोरस गाणारे बहुतांशी दिसत नाहीत, त्यांचे शब्द दुसऱ्याच चित्रांवर चालतात: १९४८ मध्ये घर सोडून निघालेलं पॅलेस्टिनी कुटुंब, नाझी छळछावण्यांची खरी जुनी दृश्यं. अपहरणकर्त्यांचं लहानपणही दिसतं.

या बदलाचा मोठा फायदा क्लिंगहॉफर पतिपत्नीला झाला. रंगमंचावर पहिला अंकभर गप्प असलेले क्लिंगहॉफर जवळजवळ अदृश्य राहतात. चित्रपटात ते पहिल्यापासून आपल्या नजरेसमोर असतात. व्हीलचेअर दारातून नेताना होणारी अडचण, मॅरिलिनचा त्यांच्या हातावरचा हात, हे सगळं न गाता कळतं. त्यामुळे मूळ रचनेतला एक खरा दोष भरून निघाला, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या नावाचा ऑपेरा आहे तो माणूस इतका उशिरा बोलू लागणं रंगमंचावर महागात पडतं.

पण तोटाही आहे. संगीतात दोन कोरस शेजारी शेजारी ठेवले तर 'यामुळे ते' असं वाक्य आपोआप तयार होत नाही. दोन दुःखं एकमेकांच्या शेजारी नुसती उभी असतात. चित्रपटात मात्र आधी उद्ध्वस्त घर आणि लगेच नंतर बंदूक हातात घेतलेला तरुण दिसला की कार्यकारणभाव तयार होतोच, दिग्दर्शिकेच्या मनात असो वा नसो. संकलन या कलेचं ते मूळ बळच आहे. निर्वासितांच्या छावणीत आईभाऊ गमावलेल्या ममूद या अपहरणकर्त्याची कहाणी ऐकताना आपण कॅप्टनच्या जागी असतो, ऐकणारे. ती डोळ्यांनी पाहताना आपण ममूदच्या जागी जाऊन पोचतो. हे दोन अनुभव सारखे नाहीत, आणि चित्रपटावर टीका करणाऱ्यांचा मुद्दा इथं बिनतोड आहे.

## 'मारेकऱ्यांना सुंदर गाणी का द्यायची?'

या आक्षेपाची सर्वांत अभ्यासू मांडणी संगीताचे इतिहासकार रिचर्ड टारुस्किन यांनी डिसेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात केली. बाखच्या पॅशनमध्ये ख्रिस्त बोलतो तेव्हा त्याच्या स्वराभोवती तंतुवाद्यांचं वलय असतं, आणि क्लिंगहॉफरमध्ये तसं पवित्र वलय पॅलेस्टिनींना मिळालंय, ज्यूंना नाही, असा त्यांचा मुद्दा होता. हा संगीताच्या कानाने केलेला आक्षेप आहे. त्याला उत्तर द्यायचं तर तेही संगीतातूनच दिलं पाहिजे.

ते उत्तर खुनानंतरच्या आरियेत आहे. तिचं नाव 'पडणाऱ्या देहाची आरिया'. क्लिंगहॉफरचा देह पाण्यात खाली जात असताना तो स्वतःच गातो, अगदी संथ, नाचाच्या जुन्या चालीसारख्या लयीत. चित्रपटात ते सिल्व्हन यांच्या हलक्या, न थरथरणाऱ्या आवाजात ऐकू येतं. संपूर्ण रचनेत इतकं मायेने सांभाळलेलं दुसरं काही नाही. वलय कुणाला मिळालं हे मोजायचं असेल तर ही आरिया वगळून मोजता येत नाही.

आणि अपहरणकर्त्यांना दिलेली गाणी नीट ऐकली तर ती त्यांची बाजू बळकट करत नाहीत. कॅप्टन ममूदला म्हणतो की तू शत्रूशी असं बसून बोलू शकलास तर शांतता होईल. ममूदचं उत्तर असं की ज्या दिवशी मी तसं करीन त्या दिवशी मी मेलो. वेळभर ज्याची कैफियत आपण समजून घेत होतो तोच माणूस आपल्यासमोर दार लावून घेतो. ओमर हुतात्मा होण्याच्या स्वप्नात रमतो. मारणाऱ्याला माणूस म्हणून दाखवलं की त्याला माफी मिळते, असा या आक्षेपामागचा समज आहे. इथं उलट होतं: तो राक्षस नाही, विचार करू शकणारा माणूस आहे, आणि तरीही त्याने व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्याला निवडलं. त्याचा गुन्हा यामुळे मोठाच होतो.

## 'यात ज्यूद्वेष आहे का?'

लिब्रेटोत ज्यूद्वेषी ओळी आहेत. 'रॅम्बो' म्हणून ओळखला जाणारा अपहरणकर्ता ज्यूंविषयी गरळ ओकतो: गरिबांच्या जिवावर माजलेले वगैरे, शतकानुशतकांचं तेच विष. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते कुणाच्या तोंडी आहे आणि कुणाला उद्देशून आहे, हे बघावं लागतं. ते एका गुंडाच्या तोंडी आहे, आणि क्लिंगहॉफरचं सुनावणं त्याच प्रसंगात येतं.

एका ठिकाणी मात्र टीका करणारे बरोबर होते. १९९१ च्या मूळ प्रयोगात दोन कोरसांच्या मध्ये न्यू जर्सीतल्या एका मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबाचा हलकाफुलका प्रसंग होता: खरेदी, सहली, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पा. एकीकडे घर गमावलेल्यांचा आक्रोश आणि लगेच ही किरकोळ कटकट, यातून ज्यूंची टिंगल केल्यासारखं दिसलं. त्याच वर्षीच्या न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या प्रयोगांनंतर अ‍ॅडम्स यांनी तो प्रसंग काढून टाकला. चित्रपटात तो नाही.

## 'त्यांच्या मुलींना काय वाटलं असेल?'

क्लिंगहॉफर यांच्या दोघी मुलींनी १९९१ मध्ये ब्रुकलिनचा प्रयोग ओळख न देता पाहिला आणि नंतर निवेदन काढलं. आई-वडिलांचा आणि वडिलांच्या थंड डोक्याने केलेल्या खुनाचा असा वापर त्यांना संतापजनक आणि ज्यूद्वेषी वाटला. २०१४ च्या न्यूयॉर्कच्या प्रयोगाच्या वेळी त्यांचा निषेध कार्यक्रमपत्रिकेतच छापला गेला. हा ऑपेरा दहशतवादी खुनाचं समर्थन करतो, त्याला रोमँटिक रूप देतो, असं त्यांनी त्यात म्हटलं.

यावर कलास्वातंत्र्याचं उत्तर देता येतं, पण ते पुरं पडत नाही. लेखक-संगीतकाराने जिवंत नातेवाइकांच्या माणसाचं खरं नाव वापरलं, त्याच्या तोंडी स्वतः रचलेले शब्द घातले. कायदा याला आडवा येत नाही. माणुसकीच्या हिशेबात मात्र हे कर्ज आहे, आणि ऑपेरा कितीही श्रेष्ठ असला तरी ते फिटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत ज्यांची माणसं गेली त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. नरिमन हाउसमध्ये ज्यू म्हणूनच लोकांना लक्ष्य केलं गेलं होतं. ऑपेरा श्रेष्ठ आहे आणि मुलींचं दुःख खरं आहे. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत.

## प्रयोग रद्द झाले, ते का?

नोव्हेंबर २००१ मध्ये बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राने यातले कोरस सादर करायचं ठरवलं होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ते रद्द केले गेले. कोरसमधल्या एका गायिकेचा पती अपहृत विमानांपैकी एकात मारला गेला होता. त्या माणसांना ते शब्द गायला लावणं योग्य वाटलं नाही, आणि हे कारण समजण्यासारखं आहे.

२०१४ ची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने, म्हणजे 'मेट'ने, दिग्दर्शक टॉम मॉरिस यांचा प्रयोग लावला. मेटचे निवडक प्रयोग उपग्रहावरून जगभरच्या चित्रपटगृहांत दाखवले जातात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रातही मेटच्या प्रयोगांचे खेळ होतात. क्लिंगहॉफरचं नोव्हेंबरमध्ये ठरलेलं हे प्रक्षेपण जूनमध्येच मागे घेतलं गेलं. ज्यूविरोधी हिंसेला परदेशात खतपाणी मिळेल, ही त्यामागची भीती होती. प्रत्यक्ष प्रयोग मात्र ठरल्याप्रमाणे झाले. २० ऑक्टोबरला पहिला प्रयोग झाला तेव्हा बाहेर निदर्शनं झाली, त्यांत न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानीही होते. म्हणजे ऑपेरागृहात जाऊन पाहणं चालतं, पण कॅमेऱ्याने टिपलेलं बाहेर जायला नको. कॅमेऱ्याला लोक किती घाबरतात हे या निर्णयावरून दिसतं. माझ्या मते ते चुकलं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यात गैरसमज सर्वाधिक, आणि प्रक्षेपण थांबल्याने न पाहणारेच वाढले.

## पाहायचा झाल्यास

चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. गायन इंग्रजीत आहे, पण इंग्रजी येत असलं तरी सबटायटल्स चालू ठेवा. लिब्रेटो दाट कवितेचा आहे आणि कोरसात शब्द एकमेकांवर चढतात. घटनाक्रम आधी वाचून ठेवा, कारण ऑपेरा गृहीत धरतो की तुम्हाला तो माहीत आहे. कोण जिवंत राहणार ही उत्कंठा त्याला नकोच आहे.

पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सोडून देऊ नका. अ‍ॅडम्स यांचं संगीत लहान लहान स्वरगट पुन्हा पुन्हा वाजवतं आणि हळूहळू त्यात एकेक स्वर बदलतं. कानाला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. सवय झाली की तो छोटा बदलही अंगावर येतो.

शेवटच्या प्रसंगासाठी लक्ष राखून ठेवा. कॅप्टन मॅरिलिनला खरं सांगतो आणि ती त्याच्यावरच उसळते, तुम्ही त्यांना मिठ्या मारल्यात. शंभर माणसं मारली गेली असती, त्यांचं रक्त या जहाजामागे वाहिलं असतं, तरच जगाने हात हलवला असता, असं ती म्हणते. आधीचे सगळे मोठे कोरस, वाळवंट, समुद्र, इतिहास, या एका बाईच्या रागापुढे मागे पडतात. मला हा ऑपेरा तिचा वाटतो. म्हणूनच तो कुणाच्या बाजूने आहे या प्रश्नाचं उत्तरही मी तिच्या या आरियेत शोधतो.

चित्रपट पाहून झाला की नागानो यांच्या संचालनाखालचं, नोनसच कंपनीने १९९२ मध्ये काढलेलं ध्वनिमुद्रण मिळवा आणि फक्त 'पडणाऱ्या देहाची आरिया' पुन्हा ऐका. गायक तेच सिल्व्हन, दहा-अकरा वर्षांनी तरुण, आणि समोर चित्र नाही. चित्राने तुमच्या ऐकण्यात काय भरलं आणि काय काढून घेतलं, हे त्या काही मिनिटांत तुम्हाला स्वतः तपासता येतं.